नौकेवरील आकडा आणि धक्क्यावरील बावटा

शाळांना सुट्ट्या लागल्या, की महाराष्ट्रातील धरणांच्या जलाशयांवर नौकाविहारासाठी गर्दी होऊ लागते. ऊन तापलेले असते. पाणी ओसरत चाललेले असले, तरी डोळ्यांना गारवा वाटावा एवढे उरलेले असते, आणि धक्क्याला लागलेली सपाट, छपराची नौका पाहून घरातील वडीलधाऱ्यांनाही एक फेरी मारून यावे असे वाटते. नौकेच्या अंगावर तिची क्षमता रंगविलेली असते: अमुक इतके प्रवासी. तेवढीच माणसे बसविली आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट चढविले, म्हणजे सुरक्षिततेची बाब पुरी झाली, अशी चालकाची, ठेकेदाराची, प्रवाशांची आणि पुष्कळदा परवाना देणाऱ्यांचीही समजूत असते. ही समजूत अपुरी आहे. नौकेवर रंगविलेला आकडा हा शांत पाण्याचा आकडा असतो. वारा सुटला की तो खोटा ठरतो. आणि किती वारा सुटला म्हणजे तो खोटा ठरला असे मानावयाचे, हे नौकेवर, धक्क्यावर किंवा परवान्यावर सहसा कोठेही लिहिलेले नसते.

या सपाट नौकांपैकी ज्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावयास हवे, त्याला पाँटून नौका म्हणतात. दोन, क्वचित तीन, लांबट पोकळ नळकांडी शेजारी शेजारी ठेवून त्यांवर सपाट डेक बसवावयाचा, भोवती कठडा, वर छत आणि मागे इंजिन, अशी ही रचना. आपल्याकडील तराफ्याचीच ती सुधारलेली आवृत्ती म्हणता येईल. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ॲम्ब्रोझ वीरेस या शेतकऱ्याने १९५२ साली पोलादी नळकांड्यांवर लाकडी डेक ठोकून अशी नौका तयार केली, आणि तेथील तळ्यांवर ती पाहता पाहता लोकप्रिय झाली. तिचा जन्म तळ्यात झाला, ही गोष्ट तिच्या गुणदोषांचा विचार करताना विसरून चालणार नाही. उथळ पाण्यात ती चालते, चढण्याउतरण्यास सोयीची असते, आणि तिच्यावर माणसे घरच्या ओसरीवर बसावीत तशी ऐसपैस बसू शकतात. खवळलेल्या पाण्यासाठी मात्र ती कोणी निर्माण केली नव्हती.

ही नौका अतिशय स्थिर वाटते, आणि एका मर्यादेपर्यंत ती तशी असतेही. अरुंद होडीत एक माणूस उभा राहिला तरी ती हेलकावते. पाँटून नौकेवर चार माणसे एका बाजूस गेली तरी फारसा फरक जाणवत नाही. हे स्थैर्य दोन नळकांड्यांमधील अंतरातून येते. नौका एका अंगाला कलली, की त्या बाजूचे नळकांडे अधिक बुडते, पाणी त्याला अधिक जोराने वर लोटते आणि नौका पूर्ववत होते. परंतु हा हिशेब नळकांड्याचा काही भाग पाण्याबाहेर शिल्लक आहे तोवरचाच. ते नळकांडे पुरते पाण्याखाली गेले, की वर लोटणारा जोर वाढावयाचा थांबतो. दुसऱ्या अंगाचे नळकांडे तोपर्यंत पाण्याबाहेर आलेले असते, आणि वाऱ्याला डेकच्या खालची बाजूही मोकळी सापडते. साध्या होडीची कूस वरच्या अंगाला पसरत गेलेली असते. ती कलते ती कुरकुरत, इशारा देत कलते. पाँटून नौका बराच वेळ आपण सरळ असल्याचा भरवसा देत राहते आणि मग फारशी सूचना न देता उलटते. नवख्याची फसगत होते ती येथेच.

तेव्हा या नौकेच्या बाबतीत किती माणसे बसली यापेक्षा नळकांड्याचा किती भाग पाण्याबाहेर उरला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. तेवढा भाग हीच तिची शिल्लक. माणसे स्थूल असली, सामान अधिक असले, किंवा सांधा फुटून एखाद्या नळकांड्यात हळूहळू पाणी साठले असले, तर माणसांची संख्या नियमात असूनही ही शिल्लक संपलेली असते. धक्क्यावर रिकामी नौका एका अंगाला किंचित झुकलेली दिसली, तर तिच्यात कोणालाही बसवू नये, ही साधी गोष्ट आहे. ती पाहण्यास कोणतेही उपकरण लागत नाही.

आता वाऱ्याचा विचार. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. छत आणि बाजूचे पडदे मिळून पंधरा चौरस मीटरांचा अडसर वाऱ्याला होत असेल, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा त्या नौकेला सुमारे ९० किलो वजनाच्या जोराने ढकलतो. तोच वारा ताशी ७२ किलोमीटरांवर गेला, की हा जोर सुमारे ३६० किलोंचा होतो. हा रेटा डेकच्या वर, उंचावर लागतो, म्हणजे नौका उलटविण्याच्या दृष्टीने अगदी सोयीच्या जागी. ऊन आणि तुषार लागू नयेत म्हणून ठेकेदार बाजूंना प्लास्टिकचे पडदे सोडतो. प्रवासी त्याला दुवा देतात. वादळात तेच पडदे शीड बनतात, आणि नौका उलटलीच तर सापळाही बनतात.

वाऱ्याबरोबर लाट येते. उघड्या पाण्यावरून वारा जितक्या लांबून वाहत येईल, तितकी ती मोठी. धरणाच्या जलाशयातील लाट समुद्रातील लाटेपुढे ठेंगणी असते, म्हणून तिला हसण्याची पद्धत आहे. परंतु ती आखूड अंतराने, उभी चढलेली येते. नौकेचे पुढचे टोक एका लाटेवरून उतरते न उतरते तोच दुसरी लाट समोर उभी असते. पाँटून नौकेचा पुढील डेक पाण्यापासून फार उंच नसतो, आणि चांगल्या दृश्यासाठी सारी मंडळी नेमकी पुढेच येऊन बसतात. मग टोक लाटेखाली जाते, पाणी डेकवर चढते आणि कठड्याच्या आत खेळू लागते. ज्या बाजूला नौका कलते, त्या बाजूला ते पाणीही धावते.

अशा वेळी कुशल चालक काय करतो, हे ठरून गेलेले आहे. वारा वाढू लागताच तो प्रवाशांना पुढून उठवून मध्यभागी बसवितो, कोणालाही उभे राहू देत नाही, बाजूचे पडदे वर बांधतो आणि छत दुमडण्यासारखे असेल तर दुमडतो. वेग तो आधीच, सावकाश कमी करतो. लाट अगदी तोंडाशी आल्यावर इंजिन एकदम मंद केले, तर उचललेले टोक खाली बसते आणि लाटेच्या पोटात शिरते, हे त्याला ठाऊक असते. त्याचबरोबर, सुकाणूला पाणी लागावे एवढी गती तो कधीही सोडीत नाही, कारण गती गेली की नौका वाऱ्याच्या हाती जाते. इंजिनाचा कोन तो असा ठेवतो की टोक किंचित वर राहील. लाटांना तो नौकेचे तोंड देतो, थोडे तिरके देतो, पण कूस कधीही देत नाही. आडव्या लाटेत दोन नळकांडी दोन निरनिराळ्या उंचीवर जातात, आणि वरून वारा असेल तर उलटण्यास आणखी काही लागत नाही. लाटा पाठीमागून येत असतील तर त्यांच्यावरून घसरत जाऊन पुढच्या लाटेत टोक खुपसले जाणार नाही, इतपतच वेग तो ठेवतो. इंजिन बंद पडले तर पहिले काम नांगर टाकण्याचे, आणि तोही पुढच्या टोकाकडून, दोर भरपूर लांब सोडून, म्हणजे नौका आपोआप वाऱ्याकडे तोंड करून उभी राहील. घाईघाईने मागच्या बाजूने टाकलेला नांगर तिला खाली खेचतो. धक्क्याला लागतानाही तो शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर येतो. पाठीवर वारा घेऊन आलेली हलकी नौका थांबता थांबत नाही.

हे सारे शिकविता येते आणि शिकविलेच पाहिजे. परंतु या कौशल्यात एक फट आहे, आणि ती अनुभवी चालकालाही गाठते. धक्क्यावरून निघताना वारा पाठीशी असला, तर तो जाणवतच नाही. नौका वाऱ्याबरोबर चाललेली असते, लाटा तिच्या दिशेनेच जात असतात, आणि प्रवासी ‘काय मजेदार हवा आहे’ असे म्हणत असतात. जलाशयाच्या मध्यावर जाऊन परत फिरावयाचे ठरले, की तोच वारा तोंडावर येतो आणि त्याचे खरे रूप कळते. शिवाय परत फिरण्यासाठी नौका वळवावी लागते, आणि वळताना काही क्षण तरी ती लाटांना आडवी होतेच. म्हणजे सर्वांत कठीण युक्ती सर्वांत वाईट ठिकाणी करावयाची वेळ येते. पाण्यावरील कौशल्य हे धक्क्यावर घेतलेल्या निर्णयाची नुकसानी कमी करण्याचे साधन आहे. तो निर्णय चुकला, तर ते दर वेळी पुरे पडेलच असे नाही.

याचा अनुभव अमेरिकेने दोनदा घेतला, आणि दोन्ही वेळी चौकशी इतकी कसून झाली की त्यांतून आपणही शिकावे.

पहिली घटना ६ मार्च २००४ ची, बाल्टिमोर बंदरातील. ‘लेडी डी’ ही ३६ फुटांची पाँटून नौका तेथे पाण्यावरील टॅक्सी म्हणून चालत असे. फोर्ट मॅकहेन्री या ऐतिहासिक किल्ल्याकडून २३ प्रवासी व दोन कर्मचारी घेऊन ती निघाली. दुपारी चारच्या सुमारास अकस्मात वादळी वारा सुटला, नौका लाटांत डोलू लागली, एका अंगावर गेली आणि उलटली. जवळच नौदलाच्या राखीव दलाचे केंद्र होते. तेथील जवानांनी तत्परतेने आपले जड तराफेवजा जहाज आणून बहुतेकांना वाचविले, तरीही पाच जण दगावले. नौकेला २५ माणसांचा परवाना होता आणि तिच्यावर बरोबर २५ माणसे होती. नियम मोडला गेला नव्हता.

मग चुकले कोठे? तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जे शोधून काढले, ते प्रत्येक परवाना अधिकाऱ्याने टेबलावर काचेखाली ठेवावे असे आहे. या नौकेची स्थैर्य चाचणी तिच्यावर झालीच नव्हती. तिच्याच बनावटीची समजली गेलेली दुसरी नौका तपासून हिला क्षमता बहाल करण्यात आली होती, आणि ती दुसरी नौका प्रत्यक्षात तिच्यासारखी नव्हती. दुसरे असे की, एका माणसाचे सरासरी वजन १४० पौंड, म्हणजे साडेत्रेसष्ट किलो, धरण्याचा जुना प्रघात होता. त्या दिवशी नौकेवरील माणसांचे सरासरी वजन १६८ पौंडांच्या आसपास होते. एका माणसामागे पावणेतेरा किलोंचा फरक म्हणजे काही फार नव्हे. पण २५ माणसांचे मिळून हे तीन क्विंटलांहून अधिक ओझे झाले, आणि ते कोणाच्याही हिशेबात नव्हते. अमेरिकन तटरक्षक दलाने पुढे २०११ च्या अखेरीपासून हे सरासरी वजन १८५ पौंड धरावयाचे ठरविले. साहजिकच अनेक नौकांची क्षमता कागदावर घटली. व्यावसायिकांनी कुरकुर केली असेल. पण आकडा खरा झाला.

दुसरी घटना १९ जुलै २०१८ ची, मिसुरी राज्यातील टेबल रॉक तलावातील. हा तलाव म्हणजे आपल्याकडील जलाशयांसारखाच, धरणाने अडविलेले पाणी. येथे बुडाले ते पाँटून नव्हे. जमिनीवर व पाण्यात चालणारे, पर्यटकांची फेरी मारणारे ते वाहन होते, पण धडा तोच. बाल्टिमोरला वादळाने फारशी सवड दिली नव्हती. येथे तीव्र वादळाचा इशारा आधीच प्रसृत झाला होता. तो कंपनीच्या माणसांना ठाऊक नव्हता असेही नाही. वादळ येण्यापूर्वी उरकून घ्यावे म्हणून फेरीचा क्रम बदलून पाण्यातील भाग आधी करण्याच्या सूचना देण्यात आल्या होत्या. वादळ आधी पोहोचले. ३१ पैकी १७ जण मृत्यू पावले. जीवरक्षक जाकिटे वाहनात होती, ती घालण्यास कोणी सांगितले नव्हते. आणि वरचे पक्के छत व बाजूचा बंद पडदा यांनी बाहेर पडण्याचा मार्ग अडविला. हा निर्णय वाईट माणसांनी घेतला, असे समजण्याचे कारण नाही. तिकिटे विकली गेली होती, माणसे येऊन थांबली होती, आणि ‘नाही’ म्हणण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कोणालाच स्पष्ट नव्हते. जगातील कोणत्याही धक्क्यावर हेच दृश्य दिसेल.

आपल्याकडे ते दिसत नाही, असे कोण म्हणेल? केरळात थेक्कडी येथे ३० सप्टेंबर २००९ रोजी ‘जलकन्यका’ ही दुमजली पर्यटक नौका उलटून ४५ माणसे गेली. वन्य प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला लोटल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडाल्या. तेथे क्षमतेपेक्षा अधिक मुले बसविलेली होती. महाराष्ट्राला तर ‘रामदास’चे नाव उच्चारले तरी पुरे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ती बोट भर पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या आपत्तीची आठवण सांगणारे कोकणातील प्रत्येक घर दोन गोष्टी हमखास सांगे: एक, त्या दिवशी समुद्राचे लक्षण ठीक नव्हते, दुसरी, भेदरलेले प्रवासी एका अंगाला धावले. आगबोट आणि पाँटून यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण वारा, कललेला डेक आणि एकाच बाजूला धावणारी माणसे ही त्रयी दोन्हींकडे एकच.

समुद्रकिनाऱ्याने यातून काही शिस्त शिकून घेतली आहे, हे मान्य केले पाहिजे. पावसाळ्यात गेटवेहून सुटणाऱ्या मांडव्याच्या बोटी बंद राहतात. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी थांबते. कोळी समाजाने तर ही शिस्त सरकारी आदेशाच्या पुष्कळ आधी स्वीकारली होती. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावाचून नाव समुद्रात लोटावयाची नाही, हा संकेत केवळ श्रद्धेचा नव्हे. त्यात दर्याला ‘आज नाही’ म्हणू देण्याची सोय आहे. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला, की तांडेल मुकाट्याने होडी ओढून घेतो. त्यासाठी त्याला कोणाशी हुज्जत घालावी लागत नाही, आणि त्याला भित्राही कोणी म्हणत नाही.

धरणांच्या जलाशयांना असा बावटाही नाही आणि असे पंचांगही नाही. किंबहुना येथे पंचांग उलटे आहे. देशावर सर्वांत धोक्याचा काळ तो एप्रिल-मेचा, वळवाचा. सकाळी पाणी आरशासारखे असते. दुपारी ढग वर चढतात. चारच्या पुढे क्षितिजावर धुळीची भिंत दिसते, आणि पाऊस येण्याआधीच ढगातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. वारा काही मिनिटांत दिशा बदलतो आणि वेग दुप्पट-तिप्पट होतो. नेमका हाच सुट्टीचा हंगाम आणि हीच फेऱ्यांची वेळ. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात सापडून बुडाली. सात जणांपैकी एक पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुले होती. सात माणसे हा काही डोळ्यांत भरणारा आकडा नव्हे. आणि ती हौसेने फिरावयास निघालेली पर्यटक मंडळीही नव्हती. धरणाने जुन्या वाटा पाण्याखाली गेल्यावर ज्यांना पलीकडच्या काठावर जाण्यासाठी बोट हाच जवळचा रस्ता उरला, अशांपैकी ती होती.

कायदा नाही असे नव्हे. १९१७ चा जुना कायदा बाजूला सारून संसदेने २०२१ साली अंतर्देशीय नौकांसाठी नवा कायदा केला. त्यात यांत्रिक नौकांची नोंदणी आहे, तपासणी आहे, विमा आहे. लाटांच्या उंचीवरून जलक्षेत्रांचे वर्ग पाडण्याची तरतूदही आहे, म्हणजे लाट हा सुरक्षिततेचा पाया आहे हे तत्त्व विधिमंडळाच्या भाषेत मान्य झाले आहे. पण हे वर्गीकरण जागेचे आहे, दिवसाचे नाही. उजनीचे पाणी हिवाळ्यातील सकाळी, भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी पाहावयास लोक जातात तेव्हा, एक असते आणि मे महिन्यातील सायंकाळी दुसरेच असते. नकाशावर मात्र ते एकाच रंगात राहणार.

नौका चालविणारे येथे एक आक्षेप घेतील, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. आभाळ आम्हाला वाचता येते, वाऱ्याचा वास आम्हाला आधी लागतो, मुंबई-पुण्याच्या कचेरीतून आम्हाला कोणी शिकवू नये, असे ते म्हणतात. खरे आहे. जन्म पाण्यावर काढलेल्या माणसाला ढगाचा रंग पाहून जे कळते, ते अधिकाऱ्याला पुस्तकातून कळणार नाही. पण त्याला कळते, एवढ्याने भागत नाही. त्याला जे कळले ते अमलात आणण्याची मोकळीक त्याला आहे काय? त्याची मजुरी बहुधा फेऱ्यांवर ठरलेली असते. ठेकेदाराने लिलावात बोली लावून जागा घेतलेली असते, आणि त्याचा सारा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. समोर दोनशे किलोमीटरांवरून आलेले कुटुंब ‘एवढे काही होत नाही, चला हो’ म्हणून आग्रह करीत असते, आणि आपण नाही म्हटले तर शेजारचा नेईल हेही त्याला दिसत असते. अशा परिस्थितीत शहाणपण एकट्या माणसाच्या मनोधैर्यावर सोपविणे हा शासनाचा आळस आहे.

दुसरा आक्षेप जीवरक्षक जाकिटांचा. मुंबई बंदरात १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या वेगवान नौकेने ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला धडक दिली. त्यानंतर जाकिटांची सक्ती हा एकच विषय सर्वांच्या तोंडी झाला. तेथे दोष वाऱ्याचा नव्हता. तरीही ८४ प्रवाशांच्या परवान्याच्या बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती, हे त्या गदारोळात मागे पडले. जाकीट हवेच, आणि ते बाकाखाली नव्हे, धक्का सोडण्यापूर्वी अंगावर हवे. परंतु छपराच्या, पडदे सोडलेल्या नौकेत ते पुरेसे मानणे धोक्याचे आहे. नौका उलटली की आतील माणसाला जाकीट वर ढकलते, आणि वर असतो तो उलटलेला डेक. आधी खाली जाऊन मग बाहेर निघावे लागते, ते जाकीट घातलेल्याला, त्यातही लहान मुलाला, जमत नाही. म्हणून जाकीट सक्तीचे करणाऱ्याने त्याच आदेशात बाजूचे पडदे बंद ठेवण्यास मनाई केली पाहिजे. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.

करावयाचे आहे ते फार खर्चाचे नाही. प्रत्येक पाँटून नौकेची स्थैर्य चाचणी तिच्यावरच, खऱ्या वजनाची पोती एका अंगाला ठेवून व्हावी. शेजारच्या नौकेच्या कागदावरून होऊ नये. माणसाचे सरासरी वजन किती धरले, ते परवान्यावर लिहावे. आणि क्षमतेच्या आकड्याशेजारी दुसरा आकडा रंगवावा: ताशी इतक्या किलोमीटरांवर वारा गेला, की ही नौका सुटणार नाही. पहिला आकडा रंगविण्यास जेवढा रंग लागतो तेवढाच दुसऱ्याला लागेल. वारा मोजण्याचे लहानसे यंत्र धक्क्यावरील खांबाला बसविता येते. भारतीय हवामानशास्त्र विभाग पुढील तीन तासांचे जिल्हावार इशारे देतो. ते जिल्ह्याच्या कचेरीतून धक्क्यापर्यंत पोहोचविण्याचे काम तेवढे उरते. ते पोहोचले, किंवा खांबावरील यंत्राने मर्यादा दाखविली, की लाल बावटा चढावा.

तो बावटा चढविणारा माणूस ठेकेदाराचा नसावा. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत. त्या विभागाचा चौकीदार पुष्कळ ठिकाणी तेथेच बसलेला असतो. त्याच्या हाती बावटा देऊन, तो चढविल्याबद्दल त्याला कधीही जाब विचारला जाणार नाही असे लेखी द्यावे. वारा नंतर पडला, ढग दुसरीकडे निघून गेले, तरीही विचारू नये. दहापैकी सात वेळा तसेच होणार, आणि त्या सात वेळांमुळे आठव्या वेळी त्याचा हात आखडू नये.

पैशाचा प्रश्न मात्र राहतो, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून हा बावटा दोन आठवड्यांत चिंधी होईल. बावट्याच्या दिवशी चालकाची मजुरी बुडू नये, यासाठी ठेक्याच्या अटींतच तरतूद हवी. लिलावाची रक्कम ठरविताना वळवाचे काही दिवस वजा धरले, तर ठेकेदारालाही तक्रारीस जागा राहणार नाही. कुगाव-कळाशीसारख्या मार्गांवर प्रश्न याहून निकडीचा आहे. तेथील माणसाला बोट बंद आहे एवढेच सांगून चालत नाही. त्याला पलीकडे दवाखान्यात जावयाचे असते, बाजार गाठावयाचा असतो. बावटा चढलेल्या सायंकाळी जलाशयाला वळसा घालून जाणारी एसटीची एखादी गाडी त्या काठावरून सुटते की नाही, आणि ती किती वाजता सुटते, हे बोटीच्या धक्क्यावरील फलकावर लिहिलेले असले पाहिजे.